नाक पुसायचं नाही!

...नाही हो, नुसतं नाक असतं तर मी एक अक्षर बोलले नसते! पण ते वाहतंय, वाहत वाहत ओठावर आलंय, ओठावरून हनुवटीकडे निघालंय, आणि हिरवं... हो, हिरवं! तोंडं कशाला वाकडी करता? तुम्ही नुसतं ऐकताय, मी समोर बसले होते, वीतभर अंतरावर, खिशात स्वच्छ घडीचा रुमाल आणि हात पाठीमागे बांधलेले! का? तर कुठल्याशा देशात म्हणे बाई पोरांचं नाक पुसत नाही, पोर आपलं आपण पुसतं. म्हणून आमच्याकडेही... नाक पुसायचं नाही!

आता पहिल्यापासून सांगते. मी बालवर्गाची बाई. छोटा गट, तीन-साडेतीन वर्षांची पोरं. माझं शिक्षण शाळेपुरतं, पुढचं पोरांनीच शिकवलं. जोडीला दुसरी बाई आहे, तिला सगळे तोफ म्हणतात, कारण तिनं कानात काही सांगितलं तरी ते फाटकावरच्या रखवालदाराला ऐकू जातं. आणि आमच्यावर मोठ्या बाई. मोठ्या बाई स्वभावानं लाख चांगल्या हो, पण त्यांना देश बघायचा नाद लागला. जाऊन नव्हे, भिंतीवर! शनिवारी पोरं घरी गेली की पडदे ओढायचे, प्रोजेक्टर लावायचा, आणि आम्ही दोघींनी त्या पोरांच्या एवढ्याशा खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसायचं. "आज आपण कुठे चाललोय, ओळखा बरं!" मोठ्या बाई विचारायच्या. कुठे जाणार? उठताच येत नव्हतं!

एका देशात काय, तर तान्ही बाळं दुपारची बाहेर झोपवतात. बर्फात! तोफ म्हणाली, "अगं बाई, आईबाप आहेत ना त्यांना?" दुसऱ्या देशात एवढीएवढी पोरं खऱ्या सुरीनं लाकूड तासतात. आणखी एका देशात पोरंच वर्ग झाडतात, जेवण वाढतात, ताटं विसळतात... ते मला आवडलं, खोटं कशाला बोलू? घरी आमच्या ह्यांना कौतुकानं सांगायला गेले, तर पेपरातून डोकं न काढता म्हणतात, "मग त्या पोरांचं मोठेपणी काय होतं?" म्हटलं, "नवरे होतात, आणि कपबश्या विसळतात." पेपर आणखी वीतभर वर गेला.

आणि मग आला तो नाकाचा देश.

भिंतीवर, अगदी खाली, पोराच्या उंचीला एक आरसा. शेजारी मऊ कागदांची पेटी, खाली टोपली. एक गोरंगोमटं पोर येतं, आरशात बघतं, कागद घेतं, नाक पुसतं, कागद टोपलीत टाकतं आणि खेळायला जातं. संपलं! मोठ्या बाईंनी ते पुन्हा पुन्हा दाखवलं, डोळ्यांत पाणी त्यांच्या. म्हणाल्या, "त्या पोराचा चेहरा बघा, केवढा अभिमान! नाहीतर आपण... मागून जातो, मान धरतो आणि रगडतो. त्याला विचारतो तरी का?" आणि तुम्हाला सांगते, मला लागलं ते. कारण मी खरंच मागून जाते, मान धरते आणि रगडते. पण एक विचारू? त्या पोराच्या नाकात होतं तरी काय? दवबिंदू! आमच्या वर्गात पावसाळी गटार असतं, त्याचं काय?

पण नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "पोराला स्वतः शोधू दे!" सोमवारपासून नियम. नाक पुसायचं नाही!

आरसा आला. पहिल्या पोरानं तो चाटला. दुसऱ्यानं त्याच जागी पापी घेतली. कागद सगळे बाहुलीच्या अंथरुणाला गेले. आणि नाकं? नाकं वाहत राहिली! ठोकळ्यांना, खडूंना, दाराच्या कडीला... मातीचा गोळा हातात घेतला की तो बोटांना चिकटून तार काढत वर यायचा. शी! मला जेवण जाईना हो. डबा उघडला की डोळ्यांपुढे तोच गोळा. एक आजोबा नातवाला न्यायला आले, त्याच्याकडे बघून दोन पावलं मागे सरकले.

"बाई, सकाळी धुऊन पाठवला होता!"

"हो, पण तो आता स्वतः शोधतोय."

"काय शोधतोय?"

म्हटलं, "सापडलं की कळवते."

अशात वरून बातमी आली की निरीक्षक बाई येणार, दिवसभर वर्गात बसणार. मोठ्या बाई म्हणाल्या, "त्यानंतरच ठरेल, छोट्या गटात कोण राहणार ते." झालं! अहो, माझी स्वतःची मुलं मोठी झाली, आपापल्या वाटेनं गेली. घरात आवाज म्हणाल तर पेपराचा. मला जे काही ओढतं, बोलावतं, रुसतं, ते सगळं या वर्गात! त्यात यंदा आमचा पैलवान आलेला. पैलवान म्हणजे उचलला तर दप्तरच जड लागेल एवढा. आल्यापासून नुसता रडायचा, तो कसाबसा माझी करंगळी धरून गप्प व्हायला लागलेला. आता त्याला सोडून मी कुठे जाऊ? मी ठरवलं, आभाळ कोसळू दे... नाक पुसायचं नाही!

निरीक्षक बाई आल्या. कोपऱ्यात बसल्या, पेन उघडलं. आणि पैलवान थेट माझ्यासमोर येऊन उभा! मघाशी सांगितलं ना, ते हिरवं? ते हेच. मान वर केली आणि म्हणतो, "पूस."

"आरशात बघ हं, राजा."

"पूस ना!"

तिकडे खिडकीपाशी तोफेचा धीर सुटला. "खड्ड्यात गेलं ते निरीक्षण! ये रे इकडे! शिंकर! जोरात! अरे, किती साठवलंय?" आणि पोरांची ही रांग तिच्यापुढे! निरीक्षक बाई भराभरा लिहितायत. मी मनात म्हटलं, गेली बिचारी. आणि मी? पाठीमागे हातावर हात दाबून धरलेले.

पैलवान आरशाकडे गेला. बघितलं. थबकला. पेटीतून कागद काढला... आणि त्यानं आरसा पुसला! आरशातल्या पोराचं नाक, हळूच, निगुतीनं. जात नाही म्हणून परत पुसलं. मग आरशाला थोपटलं, "झालं हं, ललू नको." आणि आनंदानं धावत आला, "बाई, त्याचं पुसलं!" म्हणाला आणि आहे तसं तोंड माझ्या खांद्यात खुपसलं. सगळं! ओलं, कोमट, आरपार... अंगावर काटा आला हो. मी हलले नाही!

निरीक्षक बाई उठून उभ्या. "दुसऱ्याची काळजी! या वयात! आणि बाई जागच्या ढळल्या नाहीत!"

संध्याकाळी मोठ्या बाईंनी दोघींना बोलावलं. मला म्हणाल्या, "तुम्ही अव्वल! तुम्हाला एका वर्गात अडकवणं म्हणजे अन्याय आहे. उद्यापासून तुम्ही पोरं घ्यायची नाहीत, आपल्या सगळ्या शाखांमधल्या शिक्षिकांना हे शिकवायचं." मी तोंड उघडलं, पण त्या तोफेकडे वळल्या होत्या. "आणि तुम्हाला मात्र अजून पुष्कळ शिकायचंय. तुम्ही छोट्या गटातच राहा."

कळलं ना? मी पास झाले म्हणून माझा वर्ग गेला, ती नापास झाली म्हणून तिला पोरं मिळाली! पैलवान आता तिची करंगळी धरतो, आणि नाक तर असं लखलखीत असतं... जाऊ दे.

पुढच्या वर्षी परत निरीक्षण आहे म्हणतात. मी ठरवलंय, या खेपेला नापास व्हायचंच! पण आता माझ्यासमोर बसतात त्या चाळिशी-पन्नाशीच्या बायका... तुम्हीच सांगा, त्यांची नाकं कशी पुसू?