जुन्या व्हर्जनातला पाऊस

ब्लॉगवर रोजचं हवामान दाखवणारं प्लगिन मीच बनवलं, मायीत आहे ना तुमाले? तं मी त्याचं नवीन व्हर्जन काढलं, अन् लगेच चांदूर बाजारच्या रफिकभाईचा फोन. ते शेतीवर ब्लॉग लिहितात. तवा पेरणी करून आभायाकडे पाहत बसले होते.

"काय केलं बाप्पा तू? काल तं पाऊस दाखवून राहिलं होतं. अपडेट केलं, अन् नुसतं ऊन."

"भाई, जुन्यात चूक होती, म्हणून पाऊस दाखवे."

"मंग राहू दे ना चूक. जिवाले बरं तं वाटे. जुनंच टाक."

जुनंच परत टाकून देल्लं. दुसऱ्या दिवशी खरंच धो-धो आला.

आता नवीन व्हर्जन काढतो म्हटलं, की रफिकभाई म्हणतात, "थांब, सोयाबीन घरी येऊ दे."