हौदाजवळ, खालची आळी

जबाब
दि. २६/०३/२०२५, वेळ सकाळी ११.२०

मी, बाजीराव गेनू रोकडे, वय ६८ वर्षे, धंदा – सेवानिवृत्त पोस्टमन, रा. हौदाजवळ, खालची आळी, जुन्नर, जि. पुणे.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

वरीलप्रमाणे पत्ता सांगितल्यावर सुदर्शन हवालदारांनी मला, "तात्या, हौद कुठं राहिलाय आता? घर नंबर सांगा," असे म्हटले. घर नंबर ४१२ आहे, तो लिहून घ्यावा. पण मी सदतीस वर्षे या गावात टपाल वाटले आहे, आणि आमच्या आळीत घर नंबर घालून फक्त सरकारी नोटीस येते. मी सांगीन तसेच लिहावे, अशी माझी विनंती आहे.

आमच्या आळीची रीत अशी, की वस्तू गेली तरी पत्ता जात नाही. टांगा स्टँडवर शेवटचा टांगा १९८८ साली उभा राहिला. आज तिथे रिक्षा लागतात, पण म्हणायचे टांगा स्टँडच. पिठाच्या गिरणीच्या जागी मोबाईलचे दुकान आहे, तरी बोळ गिरणीचा. हौद १९९३ साली पाडला. काळ्या दगडाचा, चार पायऱ्यांचा, खापरी नळाने पाणी येणारा. लई देखणा. निम्म्या जागेवरून रस्ता गेला आणि उरलेल्या जागेला लागून बाळासाहेब हौशीराम थोरवे यांची कंपाऊंडची भिंत आहे. हेच या प्रकरणातले तक्रारदार.

दि. १४ जानेवारी रोजी दुपारी दोनच्या सुमारास बाळासाहेबांच्या आई साळुबाई, वय ८४, यांना अर्धांगाचा झटका आला. बाळासाहेब आळेफाट्याला गेले होते. त्यांची सून रुपाली हिने ॲम्ब्युलन्सला फोन करून सांगितले, "टांगा स्टँडच्या मागं, गिरणीच्या बोळातनं सरळ या, हौदासमोर घर हाय." पत्ता बरोबर होता. फक्त त्यातले काहीच जागेवर नव्हते.

ड्रायव्हर बाहेरगावचा होता. शेवटी मी चप्पल न घालता पळत जाऊन त्याला मंडईजवळ गाठले. तो रडकुंडीला आला होता. मला म्हणाला, "काका, तीनदा येऊन गेलो राव, हौद कुठंच न्हाई!" पंचवीस मिनिटे गेली. साळुबाई वाचल्या. डावा हात अजून उचलत नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं. चूक ड्रायव्हरची नव्हती. चूक आमची, सगळ्या आळीची, आणि सगळ्यात जास्त माझी, कारण पत्ते हा माझा धंदा होता.

म्हणून मी ऑइलपेंट आणून सहा ठिकाणी लिहिले. "येथे टांगा स्टँड होता." "येथे पिठाची गिरणी होती." असे. अक्षर माझे चांगले आहे. पोस्टात पाटी लिहायची असली की मास्तर मलाच हाक मारीत. प्रत्येक घरमालकाला विचारून लिहिले. बाळासाहेबांनाही विचारले. ते म्हणाले, "लिहा की तात्या, आमच्याच आईसाठी करताय."

दि. २० मार्च रोजी मी त्यांच्या भिंतीवर दोन ओळी लिहिल्या. "येथे हौद होता. मे १९५७ मध्ये बायडाबाई गेनू रोकडे यांनी येथे स्वतःच्या हाताने घागर भरली."

बायडाबाई माझी आई. त्याआधी आमच्या लोकांनी पायरीखाली उभे राहायचे आणि वरून कुणी ओतले तर पाणी घ्यायचे. आई सांगायची, "कुणी आलं न्हाई तर उन्हात दुपार व्हायची." बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात ती म्हणाली, "आता कुणाची वाट बघायची न्हाई," आणि चढली. मी कडेवर होतो. मला आठवत नाही, मी सात महिन्यांचा होतो. पण त्या चार पायऱ्या मी चढलेलो आहे.

बाळासाहेबांची तक्रार दुसऱ्या ओळीबद्दल आहे. ते म्हणाले, "तात्या, पहिली राहू द्या, दुसरी पुसा. जुनं कशाला उकरायचं?" मी विचारले, "टांगा जुना न्हाई का?" त्यावर ते घरात गेले. तेवीस तारखेला त्यांनी विनापरवाना भिंत विद्रूप केली म्हणून अर्ज दिला.

हवालदारांनी मला समजावून सांगितले, की दुसरी ओळ पुसली तर प्रकरण इथेच मिटेल. त्यांचे म्हणणे चांगल्या मनाचे आहे. पण मी पुसणार नाही. बाळासाहेबांची भिंत आहे, त्यांनी खुशाल चुना मारावा. मग मी समोर रस्त्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडी सांगेन. बाहेरून पत्ता विचारत आलेल्याला आळीत माझ्याकडेच पाठवतात.

एक गोष्ट राहिली. काल संध्याकाळी साळुबाईंनी खुर्ची भिंतीपुढे आणवली. त्यांना वाचता येत नाही. नात संस्कृतीने दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या. मी ओट्यावर होतो. साळुबाईंची जीभ अजून जड आहे, पण शब्द कळले. म्हणाल्या, "खरं हाय. मी नवी नवरी व्हते. माडीवरनं बघत व्हते." मग म्हणाल्या, "खाली उतरले न्हाई. त्ये बी लिव्ह." बाळासाहेब दारातच उभे होते. मी ते लिहिलेले नाही. ते लिहायचे की नाही, हे त्यांच्या घरच्यांनी ठरवावे. ब्रश आणि उरलेला रंग माझ्याकडे आहे.

तक्रारीचा अर्ज मला आज इथे वाचायला दिला. तो बाळासाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला आहे. त्यात घर नंबर कुठेच नाही. अर्जदाराचे नाव, आणि त्याखाली पत्ता: "हौदाजवळ, खालची आळी, जुन्नर." याची नोंद घ्यावी.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. नंतर मी चष्मा लावून स्वतः वाचला. मी बोललो तसाच उतरला आहे. पुसण्यासारखे यात काही नाही.

समक्ष
(सही) बा. गे. रोकडे