चौथी ओळ

विजयश्री : ...ते राहू द्या, आधी एवढंच सांगा, तो कागद अजून मशीनवर लावला नाही ना?

सिद्धेश : अगं, जेवण उरकून आत्ता कुठं कारखान्याच्या शॉपमध्ये शिरतोय. श्वास तर घे. कुठला कागद?

विजयश्री : सकाळी डब्यासोबत दिला तो. पत्रा दाबायच्या प्रेसच्या सूचनांचा. त्यात एक ओळच नाहीये हो. ‘मेन स्विच बंद केल्याशिवाय डायमध्ये (साच्यात) हात घालू नये.’ नेमकी तीच.

सिद्धेश : नाही म्हणजे? तू तर जुनीच पीडीएफ घेतली होतीस.

विजयश्री : घेतली होती. मूळ फाइल तुमच्या कंपनीत कुणाकडेच नाही, म्हणून पीडीएफच लेआउटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. तिथं दोरा तुटलेल्या माळेसारखी ओळन् ओळ सुटी होते. साहेबांना मशीनचा फोटो मोठा हवा होता. मी मोठा केला आणि ओळ त्याच्याखाली गेली. तेवढ्यात सोनू उठली. तिला कडेवर घेतलं, एका हातानं सेव्ह केलं, प्रिंट काढली. आत्ता फोटो जरा सरकवला, तर खाली ओळ.

सिद्धेश : नव्या भरतीतले चौघं आजच प्रेसवर उभे राहणार होते.

विजयश्री : माहितेय. म्हणून तर जिवात जीव नाही. जा ना लवकर.

सिद्धेश : थांब, प्रेसवरचे भिवाकाका समोरच आहेत. फोन स्पीकरवर टाकतो. काका, सूचनांचा कागद लावला का हो?

भिवाकाका : न्हाई. ह्यो काय, खिशात घडी करून हाय.

सिद्धेश : साहेबांनी सकाळीच लावायला सांगितला होता ना?

भिवाकाका : सांगितलं व्हतं. पर नवा कागद आला की मी आदी समद्यांना वाचून दावतो, मंग मशीन चालू. तीस वर्सं आसंच चाललंय. आज बी बोटांवर मोजत वाचाया लागलो, येक कलम येक बोट. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं... आन् पुढं थेट अंगठ्याचंच कलम. म्हनलं, त्याच्या आदलं कुनी गिळलं?

विजयश्री : मी, काका. चूक माझी आहे.

भिवाकाका : आवाज का आसा येतोय? रडती का काय, सूनबाई? प्रेस बंद हाय. चौघं बी च्या पित्यात.



विजयश्री : नाही, रडत नाही. बरं वाटतंय. दहा मिनिटांत नवीन पाठवते. आता प्रत्येक ओळीला आकडा घालते.

सिद्धेश : आणि सोनू झोपल्यावर कर. दहाची वीस झाली तरी चालतील.

विजयश्री : पण काका, कागदावर ओळींना आकडे नव्हते, नुसती टिंबं होती. चौथीच ओळ गेली, हे लगेच कसं कळलं?

भिवाकाका : त्या ओळीला मी दर येळी थांबतो, पोरी. चौथं बोट माजं निम्मंच हाय.