आदल्या दिवशीचा पाहुणा

मंडळी, वहिनी, आणि कन्नडहून आलेले दिगंबररावांचे थोरले भाऊ आप्पा,

मी सातवी शिकलेला माणूस. इंग्रजी मी हॉटेलांच्या मेनूकार्डांवरून शिकलो, आणि त्याचा मला अभिमान आहे. पाहुण्यांसमोर कधी अडखळलो नाही. आज अडखळलो, तर सांभाळून घ्या.

शहराबाहेर कारखाने आले, त्यांच्यामागं मुंबईचे, परदेशचे पाहुणे आले. त्यांना जेवू कुठं घालायचं, वेरूळ-अजिंठा कसं दाखवायचं, हे काम आमच्या कंपनीत दिगंबररावांचं. मी त्यांचा ड्रायव्हर. पुढं दोघं मिळूनच ठरवू लागलो. त्यांचा एक नियम होता. आदल्या दिवशी आपण पाहुणा व्हायचं. त्याच वाटेनं जायचं, त्याच खुर्चीत बसायचं, तेच जेवायचं. शहागंजच्या एका खानावळीत पंख्याचा वारा थेट नान-खलियावर येतो, म्हणून त्यांनी टेबल हलवायला लावलं. मालक म्हणाला, "साहब, मेहमान तो कल आनेवाले हैं ना?" हे म्हणाले, "आज हम ही मेहमान हैं."

मग विद्यापीठाच्या नामांतराचे ते दिवस आले. गावोगाव आमच्या वस्त्यांवर काय गुदरलं, ते इथं कुणाला सांगायला नको. त्यातच पाहुण्यांना हुरडा खायची हौस आली. दिगंबरराव म्हणाले, "आपलंच शेत हाय की कन्नडला. आप्पा करतील." मोठ्या साहेबांना शब्द दिला. नियमाप्रमाणं आदल्या दिवशी आम्ही दोघं गेलो.

आगटी पेटलेली, भोवती पोती अंथरलेली. मी बसायला वाकलो. आप्पा, तुम्ही म्हणालात, "किसन, तू तिकडं बाभळीखाली बस. तुला तिथंच धाडतो." तुम्ही आवाज चढवला नव्हता. हेही सांगतो, कारण तपशिलात मी खोट ठेवत नाही.

दिगंबरराव उठले. "मग मी बी तिकडंच बसतो."

"तू कशाला? तू घरचा हाइस."

"आज नाय, आप्पा. आज आम्ही दोघं बी पाहुणे."

"मंग जावा दोघं बी. अन् त्याला घिऊन पुन्हा येऊ नको."

साहेबांना त्यांनी सगळं खरं सांगितलं. साहेब म्हणाले, "एवढंच ना? उद्या ड्रायव्हरला गाडीत बसू दे." हे म्हणाले, "जिथं किसनला जागा नाही, तिथं मी पाहुणे बसवणार नाही." वेरूळच्या वाटेवर माझ्या बहिणीचं तुकडाभर रान आहे, तिथं हुरडा झाला. तेवढ्या एका कार्यक्रमाला आम्ही आदल्या दिवशी गेलो नव्हतो. वारा फिरला, सगळ्यांची तोंडं राखेनं काळी. पाहुणे खूश होते. दिगंबररावांची बढती मात्र गेली. आणि कन्नडचं घरही तुटलं.

मी म्हणायचो, "एकटे जाऊन या. माझी काही तक्रार नाही."

"तुझी नसंल. माझी हाय."

पण दरसाल हुरड्याच्या दिवसांत विचारायचे, "किसन, आप्पांचा काही निरोप?" आप्पांचा निरोप माझ्याकडं कसा येणार? तरी विचारायचे. दरसाल विचारायचे. यंदा नामांतर झालं. मी पेढे घेऊन गेलो, तर पेढा हातातच धरून म्हणाले, "आता बोलावतील रे. दोघांना बोलावतील." हुरडा सरला. ज्वारी काढणीला आली. निरोप आला नाही. परवा ते गेले.

आप्पा, स्मशानात तुम्ही मला विचारलंत, "माझी आठवण काढायचा का?" आता सांगतो. काढायचे.

मी माफी द्यायला उभा नाही. ती ज्यांनी द्यायची, ते राहिले नाहीत. आणि माझी माफी तुम्ही अजून मागितलेली नाही. पण तुम्ही तिकडं दाराशी, चपलांजवळ बसला आहात, ते मला बघवत नाही. दिगंबररावांचे थोरले भाऊ आहात तुम्ही. या, माझ्या शेजारी सतरंजीवर जागा आहे.

मंडळी, घाई नाही. आप्पांना उठायला वेळ लागतो. ते इथं येऊन बसले, की आपण सगळेच दोन मिनिटं गप्प राहू.