सुमतीचा फोटो

तुम्ही हसाल, पण मी एकदा फोटोतल्या एका अनोळखी बाईला शोधत डोंबिवलीला गेलेलो. वर्तकनगरच्या रद्दीवाल्याकडे मला तो जुना फोटो मिळालेला. नऊवारीतली तरुण बाई आणि मागे पेन्सिलने फक्त ‘सुमती, कल्याण’. कुणाच्या तरी घरची बाई अशी रद्दीत पडलेली बघून मला कसंतरीच झालं. मी तो फोटो कल्याणकरांच्या एका फेसबुक ग्रुपवर टाकला आणि खाली माझा नंबर दिला.

चौथ्या दिवशी फोन आला. “मी सुमती. फोटो माझाच आहे. घेऊन या, चहा टाकते.”

त्यांनी दिलेल्या डोंबिवलीच्या पत्त्यावर दार उघडलं ते ऐंशीच्या आसपासच्या आजींनी. एकट्याच राहायच्या. फोटो मांडीवर ठेवून त्या तासभर बोलल्या. गेलेल्या नवऱ्याबद्दल, शाळेतल्या नोकरीबद्दल, बंद पडलेल्या भजनी मंडळाबद्दल. फोटोकडे मात्र त्यांनी धड बघितलंही नाही. भिंतीवर त्यांच्या लग्नाचा फोटो होता. तो चेहरा आणि हा चेहरा अजिबात जुळत नव्हता.

मी हळूच विचारलं, “आजी, ही खरंच तुम्हीच आहात का?”

त्यांनी मान खाली घातली. “नाही हो. नाव तेवढं सुमती.”

“मग फोनवर हो का म्हणालात?”

“कोणीतरी सुमतीला शोधतंय, असं वाचलं. मला राहवलं नाही.”

माझी तरी घरी कोण वाट बघत होतं? मी कप पुढे केला. म्हटलं, “आजी, अजून अर्धा कप मिळेल?”