भिवराक्काच्या थाळीची घंटा

मंडळी, एक सांगा — काम संपलं, हे कुणी ठरवायचं? करणाऱ्यानं? बघणाऱ्यानं? की खुद्द कामानं? नुसत्या माना डोलवू नका, उत्तर द्या! नाही येत? मग ऐका!

एका गावच्या देवळाला घंटा ओतायची होती. घरोघरची काशाची भांडी गोळा झाली. कुणी काय दिलं, देवानं बरोबर पाहिलं — निम्म्यांनी फुटक्या वाट्या दिल्या! पण भिवराक्कानं? धन्याची जेवणाची थाळी! धनी भारी अबोल. जेवण आवडलं, की थाळीच्या काठावर बोट मारायचा — टण्! झालं कौतुक! तो गेला, आवाजही गेला. अक्का म्हणाली, "रायाजी, घंटेत तेवढं ऐकू येऊ दे रे बाबा."

रायाजी ओतारी हाताचा पक्का! रस ओतला, ठिणग्या उडाल्या, गाव म्हणालं, वाहवा! आता पुढे? काही नाही! मातीचा साचा खड्ड्यात आपसूक निवू द्यायचा. सगळ्यात अवघड काम, मंडळी — हात न लावणं!

तेवढ्यात पंच आबाजीराव हजर! "रायाजी, पाहुणे खोळंबलेत. तुझ्या सत्काराचा फेटा तयार, हार तयार!"

"साचा गरम आहे, आबा."

"मग पाणी ओत की!"

फेटा गुलाबी होता हो! रायाजीनं आधी डोकं पुढे केलं, मग घागर उचलली. चर्र! साचा फोडला, टोल दिला — थड्! घंटेला ही एवढी चीर! पाहुणे हातातला हार लपवायला लागले. अक्कानं मात्र पुढे होऊन घंटेच्या काठावर हलकेच बोट मारून पाहिलं. आणि तेच रायाजीला सोसेना!

त्यानं फेटा उतरवला, घंटा फोडली, पुन्हा वितळवून ओतली. या खेपेला खड्ड्याच्या काठाशी अक्काच ठाण मांडून बसली.

"अक्के, नुसतं बघू तर दे!" — आबाजीराव!

"लांब व्हा! बाळंतीण आहे आत! बाप्यांचं काय काम इथं?"

साचा निवला. अक्कानं तळहात ठेवून पाहिला, तेव्हा कुठं रायाजीनं माती उकलली. टोल पडला — टण्ण्ण!

अक्कानं पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, "आवडलं म्हणतोय!"

तर मंडळी — हां, ते मागचे! गोष्ट आटोपली वाटतं? पाय चपला चाचपायला लागले! प्रसादाला थांबाल, ते ठाऊक आहे मला. पण आरती राहिलीय. साचा अजून गरम आहे, बाबांनो! घंटा वाजू द्या — मग उठा!