घर्षण कुणी खाल्लं?

सकाळी अकरा वाजता, मालवणातल्या एका सरकारी कचेरीचा रॅम्प. आम्हाला सातवीत विज्ञान शिकवणाऱ्या फर्नांडिस बाई चाकाच्या खुर्चीत होत्या. आपण जिवंत आहोत हे त्यांनी समक्ष येऊन दाखवायचं, नाहीतर पेन्शन बंद! खुर्ची ढकलायला मी आणि माझा वर्गमित्र बबन. रॅम्पला लादी बसवलेली, तीही गुळगुळीत. अर्ध्यावर आमचे पाय घसरले आणि खुर्ची मागे यायला लागली. आम्ही खांदे लावून ती कशीबशी थोपवली.

बाईंनी तिथेच तास घेतला. "बबन, खुर्ची खाली का येते आहे?"

"गुरुत्वाकर्षण, बाई!"

"आणि तू का घसरतोस?"

"घर्षण नाय, बाई. कंत्राटदारान खाल्ल्यान!"

बाई खुदकन हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "सोडू नका रे मला."

बबन म्हणाला, "मी नापास झालो तेव्हा तुमी माका सोडलात काय?"

धापा टाकत वर पोचलो, तर रॅम्प संपल्यावर दारापर्यंत आणखी दोन पायऱ्या! बाईंना खुर्चीसकट उचलून आत नेलं, म्हणून काम झालं. रॅम्पच्या पुढे पायऱ्या कुणी ठेवल्या, हे मी कचेरीतल्या साहेबांना तोंडावर विचारलं, मग मी वार्ताहर असल्यामुळे पेपरातल्या माझ्या बातमीतही विचारलं. पायऱ्या अजून तिथेच आहेत आणि त्या आपल्या आहेत असं एकही खातं म्हणत नाही.